बरणीतल्या तिसऱ्या

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या जगदेवराव शिर्क्यांच्या घरी गौरीला तिसऱ्या लागतात. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे लहान शिंपले आणि त्यांच्या आतला तो इवलासा जीव. ग्वाल्हेरला खाडी नाही. ग्वाल्हेरला एक स्वर्णरेखा आहे, तिला नदी म्हणायचं ठरलेलं आहे, आणि तिच्यात हात घालून नैवेद्य शोधावा इतकी भक्ती अजून कोणात उतरलेली नाही.

शिर्के मूळचे कोकणातल्या एका खाडीकाठचे. पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत आले. येताना तलवार आणली, घोडा आणला, भांडणं आणली आणि देवी आणली. समुद्र राहिला. पुरुष माणसं समुद्र विसरली, देवी विसरली नाही. तिला गौरीपूजनाच्या दिवशी तिखटाचा नैवेद्य हवा आणि त्यात तिसरी हवी. मधल्या पिढ्यांनी काय केलं ते कोणी सांगत नाही. बहुधा देवीची समजूत काढली असेल. मग जगदेवरावांची आजी लग्न होऊन त्याच खाडीकाठावरून आली. ती हुशार होती. तिनं माहेराहून उकडून, मीठ लावून, उन्हात खडखडीत वाळवलेल्या तिसऱ्या चिनी मातीच्या बरणीत भरून आणल्या आणि नियम घालून दिला: दर गौरीला बरणीतली एकच तिसरी रश्श्यात सोडायची, बाकी पातेलं मटणाचं. देवीला वास पोचला म्हणजे झालं.

वास पोचायचा. देवीलाच नाही, शेजारच्या गुप्ताजींनाही पोचायचा. ते दर वर्षी भिंतीवरून विचारायचे, "शिर्के साहब, कहीं चूहा तो नहीं मर गया?" आणि दर वर्षी त्यांना सांगितलं जायचं की हा प्रसाद आहे.

बरणीला पूर्वी झाकण होतं. ते फुटल्यावर तोंडाला फडकं बांधायची रीत पडली. फडकंही साधं नाही. गौरीला नेसवलेली साडी नंतर घरच्या सुनेला मिळते. तिच्या पदराच्या टोकाची पट्टी कापून ती बरणीच्या तोंडाला बांधायची आणि गेल्या वर्षीची पट्टी विसर्जनाला द्यायची. पन्नास वर्षं हे काम जगदेवरावांच्या पत्नीनं, सुलोचनाबाईंनी केलं.

सुलोचनाबाई माघात गेल्या. सकाळी चहा ठेवला, गॅस बारीक केला आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. तेव्हापासून जगदेवरावांना काही होत नव्हतं. रडू आलं नाही. भूक लागायची नाही, पण समोर ठेवलेलं संपायचं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. भेटायला येणाऱ्यांना ते जुन्या सवयीनं सांगायचे, "सप्लाय बंद आहे. फॉल्ट सापडत नाही." लोकांना वाटायचं, घरची वीज गेलीय. एकदोघं इन्व्हर्टरबद्दल बोलून गेले.

श्रावणात त्यांची नात उन्नती आली. उन्नती रत्नागिरीकडे राहून संशोधन करते. खाडीतल्या तिसऱ्यांच्या पोटात प्लास्टिक किती, हा तिचा विषय. ज्या खाडीतून खापरपणजीची आई तिसऱ्या काढायची, नेमकी त्याच बाजूला ती आता प्लास्टिक काढते. कुटुंबाची प्रगती अशी झालेली आहे.

"आबा, एक काम होतं," ती जेवताना म्हणाली. "मतलब, तुम्ही नाही म्हणाल तर नाही म्हणा."

"बोल."

"बरणीत किती उरल्यात?"

"तीन."

"मला दोन पाहिजेत."

समोर जगदेवरावांची धाकटी बहीण लीलाताई बसली होती. लीलाताई गोरखीत राहते, पण वहिनी गेल्यापासून रोज दुपारी ई-रिक्षानं येऊन भावाचं जेवण वाढते आणि ते कसं खावं तेही सांगते.

"कशाला गं?" लीलाताईनं विचारलं. "तिथे कमी पडल्या का तुला?"

"तिथल्या सगळ्यांत प्लास्टिक आहे, आत्याआजी. हिरवे-निळे धागे, जाळ्यांचे. पिशव्यांचे तुकडे. तिसरी बिचारी काय करते, पाणी आत ओढते, गाळते, बाहेर सोडते. जे येईल ते आत राहून जातं. बायका ओहोटीला गुडघाभर चिखलात बसून हातानं चाचपून काढतात ना, त्यांच्या हाताला तिसरी कमी आणि शाम्पूच्या पुड्या जास्त लागतात. एकजण मला म्हणाली, बाई, तुम्ही मोजून घ्या, पण आम्ही खायच्या का नाही तेवढं सांगा."

"मग काय सांगितलंस?"

"काही नाही. माझ्या थीसिसमध्ये तो प्रश्न नाहीये."

जगदेवरावांनी भातावर वरण घेतलं. "दोन कशाला पाहिजेत ते सांग."

"गाइड मॅडमनी आणि कमिटीनं अडवून ठेवलंय. ते म्हणतात, हे प्लास्टिक खाडीतलंच कशावरून? तुमच्या हातातून, कपड्यातून, धुताना पडलं नसेल कशावरून? प्लास्टिक यायच्या आधीची तिसरी आणा, तिला याच पद्धतीनं तपासा. ती साफ निघाली तर तुमचे आकडे खरे. नाही निघाली तर चार साल गया पानी में. आता प्लास्टिकच्या आधीची तिसरी कुठे मिळणार? म्यूझियममध्ये विचारलं, त्यांच्याकडे वाघ आहेत."

"आणि आपल्याकडे तिसरी आहे," लीलाताई म्हणाली. "आणि ती देवीची आहे. पोटॅशमध्ये विरघळवायला नाहीये. तेच करता ना तुम्ही? तेच करतात, मी मोबाइलवर बघितलंय. दादा, सांग हिला."

दोघींनी जगदेवरावांकडे बघितलं. एरवी या घरात असा प्रश्न निघाला असता तर दोन दिवस चालला असता, सुलोचनाबाईंनी मधला मार्ग काढला असता आणि तो मुळातच त्यांच्या मनात असता. जगदेवरावांनी आत कुठे काही दुखतंय का ते पाहिलं. दुखत नव्हतं.

"घेऊन जा," ते म्हणाले. रद्दीवाल्याला म्हणतात तसंच.

"तीन वर्षांचा नैवेद्य होता तो," लीलाताई म्हणाली.

"एक ठेवलीय. पुढच्या वर्षी मी असेन का ते आधी ठरू दे."

लीलाताईनं त्यांना दही वाढलं. रागावली की ती दही वाढते.

रत्नागिरीपर्यंत गाडीत त्या दोन तिसऱ्या काचेच्या बाटलीत सांभाळत नेण्यापेक्षा इथेच तपासाव्यात, असं उन्नतीनं ठरवलं. तिची शाळेतली मैत्रीण सोनिका शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तिनं सुट्टीच्या दिवसांत एक ओव्हन आणि सूक्ष्मदर्शक मोकळा करून दिला. तिसऱ्या दोन दिवस पोटॅशच्या कोमट पाण्यात राहिल्या. मांस विरघळलं. उरलेलं पाणी पांढऱ्या गोल कागदातून गाळलं, आणि तो कागद बघायच्या दिवशी उन्नती आजोबांना बरोबर घेऊन गेली. घरी बसून ते पंख्याकडे बघत राहतात, असं तिच्या लक्षात आलं होतं.

दारातच सोनिकानं अडवलं. "आजोबा, सॉरी, शर्ट काढावा लागेल. टेरीकॉट है ना? उसके रेशे उड़ते हैं. आत सुती कपडेच चालतात."

"पँटही टेरीकॉट आहे," जगदेवरावांनी माहिती दिली.

सोनिकानं विचार केला. "वो रहने दीजिए. टेबलाच्या खालीच राहील."

ग्वाल्हेरच्या माणसाला टेरीकॉटसाठी दारात थांबवावं, असे दिवस आले होते. ज्या शहरानं साऱ्या देशाला सुटाचं कापड पुरवलं, त्या शहरातला एक माणूस सुती बनियनवर सुती एप्रन चढवून स्टुलावर बसला. त्याला यात काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नव्हतं.

उन्नती बराच वेळ डोळा लावून बसली. मग सोनिका बसली. मग पुन्हा उन्नती.

"आहे?" शेवटी जगदेवरावांनी विचारलं.

"आहे," उन्नती म्हणाली. "धागे आहेत. भरपूर."

सोनिकानं सुई तापवली आणि भिंगाखाली एका धाग्याला टेकवली. सूत असतं तर जळून काळं झालं असतं. तो धागा आक्रसला, त्याचा मणी झाला. "सिंथेटिक," ती म्हणाली. दुसऱ्यालाही टेकवली. तोही तसाच.

"होऊ शकत नाही. तेव्हा प्लास्टिक होतंच कुठे खाडीत." उन्नतीनं हातमोजे काढले. "मतलब मीच टाकतेय. माझ्या हातातून येतंय, पाण्यातून येतंय, कहीं से भी आ रहा है. मतलब तिथले सगळे आकडे, चार वर्षांचे, सब मेरा ही कचरा है." ती मोरीजवळ गेली आणि हात धूत राहिली. हात स्वच्छ होते.

स्टूल रिकामं होतं म्हणून जगदेवराव तिथे सरकले आणि त्यांनी डोळा लावला.

आधी नुसता उजेड दिसला. मग सोनिकानं काहीतरी फिरवलं आणि पांढऱ्या मैदानावर दोर पडलेले दिसले, जाड, रंगीत. एक पोपटी. एक आमसुली. एक गुलाबी, पण नुसता गुलाबी नव्हे. या शहरात ज्याला राणी कलर म्हणतात तो. जगदेवरावांनी तो रंग ओळखला. उन्नतीचा बाप दहावीत दुसऱ्यांदा बसला होता, त्या वर्षीची साडी. ते तेव्हा म्हणालेही होते की फार भडक आहे, देवी आहे की ऑर्केस्ट्रावाली. सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या, देवीला भडकच शोभतं आणि हळदकुंकू सांडलं तर ही धुतली की झालं, शालूसारखं लाड करावे लागत नाहीत.

त्यांच्या सासूच्या काळापर्यंत गौरी सुती आणि रेशमी नेसायची. सुलोचनाबाई आल्या त्या वर्षापासून ती आर्ट सिल्क, म्हणजे नायलॉन-पॉलिस्टरचं नकली रेशीम, नेसू लागली. शहराच्या लष्कर भागात तेव्हा तीच फॅशन होती. आणि पदराची पट्टी बरणीच्या तोंडाला.

जगदेवराव डोळा लावून तसेच बसून राहिले. न सांगितलं तर काय होईल, याचा त्यांनी हिशेब केला. नातीची चार वर्षं जातील. सांगितलं तर लीलाताईला कळेल, आणि मग पन्नास वर्षांचा नैवेद्य वहिनीनं बाटवला, हे ती प्रत्येक हळदीकुंकवाला सांगेल, आणि जिला उत्तर द्यायचं ती आता उत्तर द्यायला नाही. लीलाताईला उत्तर देणं हे घरात सुलोचनाबाईंचं खातं होतं. जगदेवरावांनी ते कधी सांभाळलं नव्हतं.

मोरीतला नळ चालूच होता.

"उन्नती," ते म्हणाले. "नळ बंद कर. हे तुझं नाहीये. हे तुझ्या आजीचं आहे."

उन्नतीला समजायला वेळ लागला. समजल्यावर तिनं आधी डोळे पुसले आणि मग संशोधक झाली. "पण आबा, प्रूफ लागेल. तुम्ही रंग ओळखला, ये तो कमिटी नहीं मानेगी. त्या साड्या आहेत का घरी?"

"असतील," जगदेवराव म्हणाले.

साड्या सुलोचनाबाईंच्या कपाटात होत्या. माघापासून ते कपाट कोणी उघडलं नव्हतं. कोणी मनाई केली नव्हती. किल्ली कपाटालाच होती. संध्याकाळी जगदेवरावांनी ती फिरवली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. गौरीच्या साड्या एका बाजूला, घडीवर घडी, प्रत्येकीचा पदर टोकाला कापलेला. बाकीच्या साड्या अखंड होत्या. ते पलंगावर बसले, एकेक साडी मांडीवर घेतली आणि कात्रीनं कापलेल्या कडेचा एकेक धागा काढून उन्नतीनं दिलेल्या काचेच्या कुपीत टाकत गेले. पोपटी. आमसुली. राणी कलर. एक मोरपंखी निघाली, ती त्यांना अजिबात आठवेना. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ती कधी नेसली होती? त्यांनी कधी काही म्हटलं होतं का? काही म्हटलं नव्हतं म्हणूनच बहुधा आठवत नव्हती. तिचाही धागा त्यांनी टाकला. मग सगळ्या घड्या पुन्हा घातल्या. त्या काही पूर्वीसारख्या बसल्या नाहीत. कपाटाचं दार जरा उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी उन्नती आणि सोनिकानं धागे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सगळे जुळले. तिसऱ्यांतून निघालेला प्रत्येक धागा कपाटातल्या कुठल्यातरी साडीचा होता, मोरपंखीसुद्धा. आणि खाडीतल्या तिसऱ्यांत जे हमखास सापडतं, जाळ्याचा हिरवा तंतू, पिशवीचा पातळ तुकडा, त्यातलं एकही नव्हतं. उन्नतीनं तिथूनच मॅडमना फोन लावला, फोटो पाठवले, पुन्हा फोन लावला. बाहेर आली तेव्हा आजोबा व्हरांड्यात शर्टाची बटणं लावत उभे होते.

"मॅडम म्हणाल्या चालेल," ती म्हणाली. "म्हणाल्या, खाडीनं यांच्यात काही टाकलेलं नाही. जे टाकलंय ते घरानं टाकलंय, आणि कोणत्या घरानं तेही कळतंय. तर माझी पद्धत बरोबर आहे. आकडे राहतील."

"मग ते खाडीतलं खरंच आहे सगळं."

"हो. खरंच आहे." तिनं फोन पिशवीत टाकला. "मी खूश झाले, आबा. बघा ना, तिथे खरंच इतकं प्लास्टिक आहे म्हणून मी खूश झाले."

"होतं असं," जगदेवराव म्हणाले. "आम्हीही फॉल्ट सापडला की खूश व्हायचो. लाइट यायला मग दोन दिवस लागायचे."

लीलाताईला सांगावं लागलंच. कारण ती विचारत होती आणि उन्नतीला खोटं बोलता येत नाही. तिचं शिक्षण फार झालेलं आहे. लीलाताईनं सगळं ऐकून घेतलं. मग पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे पन्नास वर्षं देवीला नायलॉन खाऊ घातलं वहिनीनं. मी तेव्हाच म्हटलं होतं, सुती पट्टी बांध. कोण ऐकतंय. आपल्यालाच चमकायचं होतं."

जगदेवराव पाटावर बसले होते. त्यांनी समोर रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथे सुलोचनाबाई बसायच्या आणि जिथून अशा वेळी उत्तर यायचं. आलं नाही.

"लीले," ते म्हणाले, "त्या बरणीला पट्टी का बांधायला लागली?"

लाटणं थांबलं.

"झाकण फुटलं म्हणून," उन्नती म्हणाली.

"कोणी फोडलं?"

लीलाताईनं पोळी तव्यावर टाकली.

"सातवीत होतीस," जगदेवराव म्हणाले. "झाकणाची टिक्कर करून अंगणात लंगडी खेळत होतीस. मार मी खाल्ला, कारण मोठा मी होतो. साठ वर्षं झाली, मी बोललो नाही. सुलोचनेला माहीत होतं, तीपण बोलली नाही. ती तुझ्या पुष्कळ गोष्टी बोलली नाही."

इतकं लांबलचक ते माघापासून बोलले नव्हते. लीलाताईनं पोळी उलटली. ती एका बाजूनं करपली होती.

"आत्याआजी, तसंही," उन्नती घाईनं म्हणाली, "प्लास्टिक आता सगळ्यांतच आहे. रक्तात पण सापडतंय लोकांच्या."

"माझ्या गुडघ्यात आहे," लीलाताई म्हणाली. "डॉक्टरांनीच घातलंय. वाटी बसवली एवढीशी, पैसे घेतले टोपलंभर." आणि करपलेली पोळी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

भाद्रपदात गौरी आल्या. साडी आणायला जगदेवराव जयेंद्रगंजच्या नेहमीच्या दुकानात गेले. उन्नतीनं बजावून पाठवलं होतं: सुती. दुकानदारानं विचारलं, "भाभीजी नहीं आईं?" नोकरानं त्याला कोपर मारलं, मग त्यानं गडबडीनं महेश्वरी सुती साड्या समोर ओतल्या. चांगल्या होत्या. सौम्य रंगाच्या होत्या. जगदेवरावांनी हात लावून पाहिला आणि वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे एक आर्ट सिल्क होती, राणी कलरपेक्षाही भडक.

"बाबूजी, ये तो—"

"दे दो," ते म्हणाले. "धुली और हो गया."

घरी ती साडी बघून उन्नतीनं कपाळाला हात लावला, लीलाताईनं मात्र ती गौरीला नेसवली आणि निऱ्या दोनदा काढून पुन्हा घातल्या. उरलेली एकच तिसरी बरणीतून काढली, रश्श्यात सोडली. वास सुटला. भिंतीपलीकडून गुप्ताजींचा आवाज आला, यंदा जरा दबकत, "शिर्के साहब, प्रसाद है ना?"

"प्रसाद है," जगदेवराव म्हणाले. "आख़िरी है."

बरणी रिकामी झाली. पुढच्या वर्षी काय, हे कोणी काढलं नाही. उन्नती म्हणाली, खाडीतून ताज्या आणून देईन. तिचं तिलाच कळलं आणि ती पानं पुसायला लागली. देवीपुढे नैवेद्य ठेवला, मग पानं वाढली.

जगदेवरावांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले.

"काय झालं?" लीलाताईनं विचारलं. "वाटण बिघडलं का?"

"मीठ कमी आहे."

"बरोबर घातलंय, दादा. वहिनी जास्त घालायची. मी तिला नेहमी—" लीलाताई थांबली. "जास्त घालायची."

"हो. जास्त घालायची," जगदेवराव म्हणाले आणि त्यांनी मिठाची वाटी पुढे ओढली.

"आबा," उन्नती हळूच म्हणाली, "मिठात पण असतं."

जगदेवरावांनी मीठ घेतलं, रश्श्यात कालवलं, चाखलं, आणि आणखी एक चिमूट घेतली.